चौदा बायकांचा एक नंबर

माझ्या दोन्ही अंगठ्यांवर रेषा उरलेल्या नाहीत. तीस वर्षं कोयत्याची मूठ धरली आणि उसाच्या मोळ्या आवळल्या, त्यात त्या घासून गेल्या. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. मी चौथीपर्यंत मिशनच्या शाळेत शिकले. तिथल्या बाईंनी हातावर पट्टी मारून सही गिरवून घेतली होती आणि बजावलं होतं की जन्मात कुठं अंगठा लावायचा नाही. आमच्या ऊसतोडीच्या टोळीत चौदा बायका होत्या, त्यांत सही करणारी मी एकटी. मला त्याचा ताठा होता, खोटं कशाला सांगू. आणि म्हातारपणी वेळ अशी आली की सरकारला माझी सही नको, अंगठाच पाहिजे, आणि अंगठ्यावर दाखवायला काही नाही.

ही गोष्ट गेल्या पावसाळ्यानंतरची. आमचा पाथर्डी तालुका तसा कोरडा. पाऊस पुरत नाही म्हणून तर घरंच्या घरं दरसाल ऊस तोडायला बाहेर जातात. या खेपेला मात्र भाद्रपदात असा पाऊस लागला की ओढ्यानं आपली वाट सोडली. माझी दीड एकर जमीन ओढ्याच्या कडेला आहे. नवरा गेल्यावर ती माझ्या नावावर लागली. बांध फुटला, वरची माती वाहून गेली, कपाशी उभ्या जागी सडली. तलाठी आणि कृषी सहायक आले. त्यांनी मोबाईलवर शेताचा फोटो काढला, मला चिखलात उभं करून माझाही काढला. मदत मिळेल, थेट खात्यावर येईल, असं सांगून गेले. मी बरं म्हटलं. माझा फार भरवसा नव्हता.

घरात मी, लेक, सून आणि दुसरीतली नात. लेक आणि सून दरसाल टोळीत जायचे. त्याआधीच्या हंगामात सून ट्रकला लावलेल्या फळीवरून मोळी घेऊन चढताना घसरली. मणका सरकला. डॉक्टरनं पट्टा दिला आणि ओझं उचलायचं नाही म्हणून सांगितलं. पट्टा तिनं महिनाभर घातला, मग खुंटीला अडकवला. तिला वाकलं की उठायला वेळ लागायचा. ती बोलायची नाही, पण मी बघत होते.

ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे एक नवरा-बायको. तो तोडणार, ती मोळ्या बांधून डोक्यावर वाहणार. मुकादम हंगामाआधी जी आगाऊ रक्कम देतो तिला उचल म्हणतात, आणि ती जोडप्याला मिळते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. त्याला कोणी हौसेनं घेत नाही.

मुकादम उचल द्यायला आला तेव्हा मी शेतावर होते. तो दिवाळीपर्यंत उत्तर द्या म्हणून सांगून गेला. संध्याकाळी लेक जेवता जेवता म्हणाला, "आई, बांध घालायचा, ट्रॅक्टर लावायचा, बी आनायचं. कुठनं आनायचं? उचल घिऊ, त्यात बांध हुईल, ज्वारी पेरू आन् जाऊ. राखायला तू हाईसच."

"आन् हिची कंबर?" मी विचारलं.

"ती हळूहळू करंल. मी जास्ती उचलीन."

"तुजा बापबी असंच म्हनायचा. मोळी माज्याच डोक्यावर यायची."

सून चुलीपुढं बसली होती. ती म्हणाली, "आत्या, जाऊ द्या. मी जाते." तिनं हे अशा आवाजात म्हटलं की माझी भाकरी तोंडात फिरायला लागली. मी लेकाला सांगितलं, "त्या मदतीचं काय हुतंय ते बघू. तवर उचलीला हात लावायचा न्हाई." तो म्हणाला, ओल काही तुझ्या मदतीसाठी थांबायची नाही. तेही खरं होतं. शेताला वाफसा येत होता. पंधरा-वीस दिवसांत पेरलं नाही तर ज्वारी गेली, आणि ज्वारी गेली तर घरी राहून खाणार काय?

ग्रामपंचायतीत यादी लागली. माझं नाव होतं. नावापुढं एक नंबर होता. तो नंबर घेऊन गावातल्या सेवा केंद्रात जायचं, तिथं मशीनवर अंगठा लावायचा, मग पैसे सुटणार.

आमचं सेवा केंद्र एक बाई चालवते. चर्चच्या मागच्या वस्तीवरची. मला सही शिकवणाऱ्या बाईंची ती नातसून. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "आजी, सासूबाईंच्या सासूनं सही शिकवली, आन् मी तुमाला अंगठा मागते. काय म्हनत असतील त्या वरनं?"

"पट्टी शोधत असतील," मी म्हटलं.

तिनं माझा अंगठा मशीनवर ठेवला. लाल दिवा. दुसरा ठेवला. लाल. मग तिनं मला साबणानं हात धुवायला लावले, ओढणीनं बोटं पुसली, अंगठा केसांवर घासून तेल लावून बघितला, दहाही बोटं करून झाली. मागं रांग लागली होती. एकानं विचारलं, "आजीचं मशीन बंद पडलंय का केंद्राचं?" मी म्हटलं, "तू तुजी जीभ लावून बघ. ती बरी चालती." लोक हसले. मला हसू येत नव्हतं. तीस वर्षं कष्ट केले त्याची खूण म्हणून हात दाखवावा, तर मशीन म्हणत होतं की अशी बाईच नाही.

केंद्रवालीनं मला बाजूला बसवलं. रांग संपवली आणि मग पुन्हा माझ्याकडं वळली. ती म्हणाली, दुसरा रस्ता आहे. आधारला जो मोबाईल नंबर जोडलाय त्यावर सहा आकडे येतील, ते आकडे मशीनला दिले की काम झालं, अंगठ्याची गरज नाही. तिनं काहीतरी दाबलं आणि नंबराचे शेवटचे आकडे वाचून दाखवले.

"ह्यो नंबर तुमचा का, आजी?"

"माजा न्हाई."

सून शेजारी बसली होती. तिनं आकडे ऐकले आणि माझ्याकडं बघितलं. "आत्या, ह्यो तर मुकादमाचा हाय."

तो कसा, ते सांगायला पाहिजे. दहा-बारा वर्षं झाली असतील. आम्ही कारखान्यावर होतो, पालं टाकून. तिथं आधार कार्डाचा कॅम्प आला, पाठोपाठ बँकेचा आला. फॉर्मवर मोबाईल नंबर लिहायचा होता. आमच्या चौदा घरांत तेव्हा दोन फोन होते आणि दोन्ही रिचार्ज नसलेले. लिहिणारा माणूस म्हणाला, नंबर टाकल्याशिवाय फॉर्म पुढं सरकणार नाही. मुकादम शेजारीच उभा होता. म्हणाला, "माजा टाका. समद्यांचा माजाच टाका." चौदा बायका आणि त्यांचे नवरे, सगळ्यांच्या आधारला आणि खात्याला एकच नंबर पडला. कोणालाही त्यात काही चूक वाटली नाही. मलाही नाही, आणि मी तर शिकलेली म्हणवून घेत होते. टोळीत सगळंच मुकादमाच्या हातून यायचं. दुखणं आलं तर डॉक्टर तो आणायचा, गावाकडचा निरोप त्याच्याच फोनवर यायचा, कारखान्याचा हुकूम तोच सांगायचा. मग बँकेचा निरोप त्याच्याकडं येणार, यात नवल काय होतं? आमच्यात पुढं घरोघरी फोन आले, पोरांनी स्क्रीनवाले घेतले, तरी तो नंबर कोणी बदलला नाही.

आणि मुकादमाचं एक मानायला पाहिजे. त्याला इंग्रजी वाचता येत नाही. पण चौदा बायकांच्या खात्यांचे शेवटचे चार आकडे त्याला तोंडपाठ. मेसेज आला की तो आकडे बघायचा आणि ओळखायचा की हे कोणाचं. मग फोन करायचा, नाहीतर वाटेत भेटली की सांगायचा, तुझे आले गं. सरकारचा हप्ता असो, गॅसचे असोत. त्यामुळं आमच्यातल्या निम्म्या बायका समजायच्या की पैसे मुकादमच आणतो. दिवाळीला त्याच्या घरी करंज्यांची ताटं जायची. मी नेली नाही कधी. पण मलाही तो सांगायचा.

आता त्याच मुकादमाकडं जायचं होतं, आणि ते मला जड वाटत होतं. कारण माझे पैसे सुटले तर त्याचा एक कोयता तुटणार होता. पैसे अडले तर लेक आणि सून त्याच्या ट्रकमध्ये बसणार होते. लेक म्हणाला, "त्याला काई सांगू नको. नुसते आकडे माग. कशाला लागत्यात ते विचारलं तर सांग, गॅसचं काम हाय." सुनेनंही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं असं की सून केंद्रात बसणार, मी मुकादमाच्या घरी जाणार, आणि आकडे आले की फोनवर सांगणार. मुकादमाची वस्ती आमच्यापासून तीन किलोमीटर. मी चालत गेले. तो ओट्यावर बसून दाढी करत होता. आता तोही म्हातारा झालाय, गुडघे धरलेत. मुकादमीण आतून आली.

"या आक्का. आज वाट चुकलात व्हय?"

"चुकले न्हाई. कामाला आले."

तिनं मला चहा दिला. मी मुकादमाला सांगितलं की माझा अंगठा उठत नाही, आकडे तुमच्या फोनवर येणार आहेत, ते द्या. तो म्हणाला, "देतो की. त्यात काय." आणि उठायला लागला. मी म्हटलं, "बसा. आदी ऐका. हे पैसे आले तर माजी सून ह्या साली येत न्हाई. तिची कंबर मोडलीय. तुमचा कोयता कमी हुईल. आता बघा, आकडे द्यायचे का न्हाई."

त्याच्या एका गालावर साबण होता, तो तसाच राहिला. मुकादमीण म्हणाली, "बया! असं कुनी सांगतं का?"

मुकादम म्हणाला, "वहिनी, मी टोळीचा आकडा कारखान्याला दिलाय. आता ऐन वक्ताला मी जोडी कुठनं आनू?"

"ते मला म्हाईत न्हाई."

"मग सांगितलं कशाला? गुपचूप नंबर घिऊन गेला असता तर मला काय कळलं असतं?"

"माज्या नवऱ्यानं तुमच्यासंगं वीस वर्सं काढली. तुमाला फसवून तुमच्याच फोनवरनं नंबर न्यायचा, हे मला जमायचं न्हाई. तुमी आमाला फसवलं असंल एखाद्या येळी. ते तुमच्यापाशी."

मुकादमीण पदर तोंडाला लावून हसली. मुकादम हसला नाही. त्यानं दाढी पुरी केली, तोंड धुतलं, टॉवेल खांद्यावर टाकला. मला वाटलं, हा आता काहीतरी निमित्त काढणार, फोन खराब आहे म्हणणार. त्यानं फळीवरून जुना बटणांचा फोन घेतला आणि म्हणाला, "चला. घरात रेंज न्हाई. टाकीच्या पायऱ्यांवर मिळती."

वस्तीच्या पाण्याच्या टाकीला बाहेरून पायऱ्या आहेत. तो गुडघा दाबत सात-आठ पायऱ्या चढला, मी खालच्या पायरीवर बसले. मी सुनेला फोन लावला. तिकडं केंद्रवालीनं दाबलं. आम्ही वाट बघत बसलो. काही आलं नाही. पुन्हा दाबलं. नाही. तिसऱ्यांदा सून म्हणाली, "आत्या, ताई म्हनत्यात मेसेज इकडनं गेलाय. त्यांच्या फोनात जागा हाय का बघा."

जागा नव्हती. त्या फोनात मेसेज ठासून भरले होते. मुकादमानं कधी एक पुसला नव्हता.

"पुसा की मग," मी म्हटलं.

तो पुसेना. एकेक उघडून बघायला लागला. "ह्यो तुमच्या शेजारनीचा, पहिल्या हप्त्याचा. ह्यो लंगड्याच्या बायकोचा. ती वारली, तिचाबी हाय. हे बघा, तुमच्या मालकांचा, त्यांचं खातं हुतं तवाचा." मी बघितलं. मला इंग्रजी अक्षरं कळत नाहीत, पण शेवटचे चार आकडे ओळखू आले. माझा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. त्या फोनात त्याचं काहीतरी पडून होतं हे मला ठाऊक नव्हतं.

"त्येबी पुसू का?" त्यानं विचारलं.

"पुसा. मेलेल्या मानसाच्या मेसेजचं काय लोनचं घालायचंय?"

त्यानं पुसले. तरी सगळे नाही, मला दिसलं, काही ठेवले. मग केंद्रवालीनं परत दाबलं आणि फोन टुणटुणला. मुकादमानं चष्मा शोधला. चष्मा घरी राहिला होता. मुकादमीण तो घेऊन येईपर्यंत वेळ टळून गेली आणि ते आकडे वाया गेले. तिकडून सून म्हणाली, आता एकदाच होईल, मग उद्या. मुकादमानं चष्मा घातला, फोन दोन्ही हातांत धरला. या वेळी आला तसा त्यानं एकेक आकडा मोठ्यानं वाचला, गव्हाणीवर जनावरं मोजावीत तसा, आणि मी तो तसाच फोनमध्ये सांगितला. सहावा आकडा सांगून झाल्यावर पलीकडं कोणी बोलेना. मग केंद्रवालीचा आवाज आला, "झालं, आजी! हिरवं आलं!"

मी मुकादमाला म्हटलं, "झालं."

"ऐकलं मी," तो म्हणाला. पायऱ्या उतरताना त्यानं माझ्या खांद्याचा आधार घेतला. खाली आल्यावर म्हणाला, "पैसं येतील तवा फोन मलाच येनार, वहिनी. खात्याला नंबर माजाच हाय."

"मग करा फोन."

"करीन की. माजा कोयता गेल्याचा सांगावा मीच दीन."

नवव्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "तुमचे आले," एवढंच म्हणाला आणि ठेवला.

पैसे काढायला मी आणि सून बँकेत गेलो. गावात मशीनवर अंगठ्यानं पैसे मिळतात, पण माझा अंगठा तर तसा. बँकेत स्लिप भरली आणि खाली सही केली. कारकुनानं सही कार्डावरच्या सहीशी ताडून बघितली आणि मान हलवली. बाईंची पट्टी कामाला आली, एवढं मी तिथं उभी राहून मनात म्हणून घेतलं.

मी कोणाचे फुकट गोडवे गात नाही. पण पूर्वीचं मला आठवतं. एका दुष्काळात अशीच मदत आली होती, तेव्हा नवरा तालुक्याला सात खेपा घालून आला. कधी साहेब नाही, कधी कागद नाही, आणि हातात पडलं ते वाटेत झिजून. या वेळी माझ्या शेताचा फोटो काढल्यापासून पैसे खात्यावर पडेपर्यंत मधे कोणाच्या हाताला काही चिकटलं नाही. केंद्रवालीनं ठरलेली फी घेतली, चहा स्वतःच्या पदरचा पाजला. ज्यानं कोणी ही तजवीज केली त्याचं भलं होवो, असं मी म्हणते आणि मनापासून म्हणते. अंगठा उठत नसलेल्या माणसाचा त्यानं थोडा आणखी विचार केला असता तर माझी तीन किलोमीटरची पायपीट वाचली असती, तेवढंच.

बांध घातला. ट्रॅक्टर लावला. ज्वारी पेरली, कडेनं दोन ओळी हरभरा. सगळ्याला ते पैसे पुरले नाहीत. लेक म्हणाला, "मी एकटा जातो. अर्धा कोयता तर अर्धा." मी त्याला अडवलं नाही. वर्षाला खायला लागतं. मुकादमानं त्याला घेतलं, कुरकुर करत घेतलं, पण घेतलं.

पुढं केंद्रवालीनं मला सांगितलं की नंबर बदलून घ्या, तालुक्याला डोळ्याचं मशीन आहे, अंगठा नसला तरी डोळा चालतो. ट्रक निघायला आठवडा होता. टोळीतल्या ज्या बायका अजून हयात आहेत त्यांना मी सांगितलं, तुम्हीही चला. मला धरून नऊ जणी झालो, एसटीनं गेलो. मशीन दुर्बिणीसारखं होतं, त्यात बघायचं. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, मला वाटलं हाही नापास होणार. दुसऱ्यानं काम झालं. तिथल्या माणसानं विचारलं, "नंबर कोणता टाकू?" मी माझा सांगितला. हा फोन लेकानं घेऊन दिलेला, त्याचं रिचार्ज मी करते.

माझ्या मागं माझी शेजारीण होती. तिला विचारलं, नंबर कोणता? ती म्हणाली, "हिचाच टाका."

"कुनाचा?" मी मागं वळले.

"तुजाच की. तुला वाचता येतं. तू सांगशील आमाला." मागच्या सगळ्या जणी माना हलवायला लागल्या. व्हय व्हय, हिचाच टाका समद्यांचा. एक म्हणाली, "मुकादमापेक्षा बरं. ही रातच्याला फोन तरी उचलती."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "माजा नंबर टाकाल आन् उद्या मी मेले तर? मसनवट्यात रिंग द्याल व्हय? घरात पोरं, सुना, नाती फोन घिऊन बसल्यात दिवसभर. ज्येचा त्येनं टाका. न्हाईतर एसटीत बसा आन् घरला चला."

"लई झाली शिकलेली," शेजारीण म्हणाली. पण तिनं पिशवीतून चिठ्ठी काढली. चिठ्ठीवर तिच्या नातीचा नंबर होता. म्हणजे बया घरून घेऊन आली होती आणि तरी माझा टाकायला निघाली होती. आधारला आणि मग बँकेत खात्याला, नऊ जणींचे नऊ नंबर लागायला संध्याकाळ झाली. परतीच्या एसटीत त्या मला नावं ठेवत होत्या आणि मला भेळ खाऊ घालत होत्या.

ट्रक निघाला त्या दिवशी मी पारापाशी गेले. सून लेकाचं गाठोडं घेऊन आली होती. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं तेव्हा ती म्हणाली, "आत्या, एवढं काई जड न्हाई." ट्रकमधून एक बाई ओरडली, "बसली का गं घरी, राणी?" सुनेनं वर बघितलं आणि म्हणाली, "बसले. कंबर नीट झाली की तुज्या मोळ्या उचलायला यीन." ट्रकमध्ये हशा झाला. मी तिला असं बोलताना त्या सालात पहिल्यांदा ऐकलं.

मुकादम पुढच्या बाजूला उभा होता. मला म्हणाला, "वहिनी, नऊ जनींचे मेसेज बंद झाले माजे. फोन गप पडून असतो. चुकल्यासारखं हुतं."

"मग सगळे पुसून टाका आता."

"बघतो," तो म्हणाला.

त्यानं माझं काम केलं, आणि स्वतःचं नुकसान माहीत असताना केलं. त्यानं आयुष्यभर टोळीकडून काय काय घेतलं ते मला ठाऊक आहे, आणि हेही ठाऊक आहे. या दिवाळीला मी पहिल्यांदा त्याच्या घरी करंज्यांचं ताट पाठवलं होतं.

आता पौष चाललाय. ज्वारी पोटरीत आहे, कणीस बाहेर पडायच्या बेतात. लेकाचा दर रविवारी फोन येतो, तो आधी ज्वारीचं विचारतो आणि मग बायकोचं. सून पट्टा घालते, रोज, मी सांगितल्याशिवाय. गेल्या आठवड्यात माझा फोन टुणटुणला. तिनं वाचून सांगितलं की सरकारचा हप्ता जमा झालाय. मी शेवटचे चार आकडे बघितले, माझेच होते. मग मुकादमाला फोन लावला आणि सांगितलं, "माजे आले." तो तिकडं उसात होता. "आले का?" म्हणाला, "बरं झालं."

घरात कोयते दोन होते. एक लेकानं नेला. दुसरा सुनेचा. काल तिनं तो उतरवला, बांधाच्या कडेला खाली बसली आणि रानडुकरं येऊ नयेत म्हणून बोराटीच्या फांद्या तोडायला लागली. लहान फांद्या ती तोडत होती, ओढून मी लावत होते. एक मोठी फांदी तिला उचलायची होती. मी म्हटलं, ठेव ती. तिनं ठेवली.